खर्च सरकारचा, फळ कोणाचं?

मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठात रसायनशास्त्र शिकून ते पुढे अमेरिकेला गेले आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांचे सहकारी झाले. त्या काळात अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने सरकारी पैशावर एक अफाट मोहीम चालवली होती. झाडाझुडपांच्या साली, पानं, मुळं गोळा करायची आणि त्यात कर्करोगावर चालेल असं काही सापडतं का ते बघायचं. १९६२ मध्ये अमेरिकी कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर बार्कले यांनी वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलातून पॅसिफिक यू नावाच्या झाडाचे नमुने आणले. लाकूडतोडे ज्याला कचरा समजून जाळून टाकत, असं हे झाड. वाणी आणि वॉल यांनी त्याच्या सालीतून एक रेणू वेगळा काढला, त्याची रचना उलगडली आणि १९७१ मध्ये ती प्रसिद्ध केली. आज जगभरच्या रुग्णालयांत पॅक्लिटॅक्सेल या नावाने शिरेतून दिलं जाणारं कर्करोगाचं औषध ते हेच.

झाड शोधण्यापासून रेणू हाती येईपर्यंतचा सगळा खर्च अमेरिकी करदात्यांनी केला. १९९१ मध्ये हे औषध बाजारात आणण्यासाठी ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या कंपनीशी करार झाला. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २००३ मध्ये त्याचा हिशेब मांडला, तेव्हा आकडे असे निघाले: सरकारी आरोग्य संस्थेने १९७७ ते १९९७ या काळात या औषधाच्या संशोधनावर सुमारे १८ कोटी ३० लाख डॉलर खर्च केले होते. कंपनीची विक्री २००२ पर्यंत ९ अब्ज डॉलरच्या वर गेली होती. आणि सरकारी संस्थेच्या पदरात स्वामित्वशुल्क म्हणून पडले साडेतीन कोटी डॉलर.

दिल्लीतल्या नॅनो संशोधनाची गोष्ट या रेणूपासून सुरू करायला कारण आहे. त्याच्या पुढच्या प्रवासाचा एक टप्पा दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात आणि यमुनेपलीकडच्या साहिबाबादमध्ये घडला. तिथेही सुरुवातीचा पैसा सरकारचाच होता आणि फळाचा प्रश्न तिथेही तसाच उभा राहिला.

पॅक्लिटॅक्सेलची खोड अशी की ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. शिरेतून द्यायचं तर ते कशात तरी विरघळवायला हवं. त्यासाठी कंपन्यांनी एरंडेलापासून बनवलेलं क्रेमोफोर नावाचं द्रव्य वापरलं. औषध विरघळलं, पण या द्रव्याचीच काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी येऊ लागली. म्हणून आधी स्टेरॉइड द्यायचं, ॲलर्जीरोधक द्यायचं, मग तासन्‌तास सलाइनमधून थेंब थेंब औषध सोडायचं, अशी पद्धत रूढ झाली. रुग्णाला त्रास रोगाचा, औषधाचा आणि वर औषधाच्या वाहनाचाही.

दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक अमरनाथ मैत्रा यांचा अभ्यास वेगळ्याच गोष्टीचा होता. तेलात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब तरंगत ठेवायचे आणि त्या प्रत्येक थेंबात पॉलिमरचा एकेक कण घडवायचा. थेंबाचा आकार ठरवला की कणाचाही ठरतो. या पद्धतीचं अमेरिकी पेटंट त्यांच्या गटाला १९९९ मध्ये मिळालं. त्याच सुमारास च्यवनप्राशवाल्या डाबरच्या संशोधन शाखेने, म्हणजे साहिबाबादच्या डाबर रिसर्च फाउंडेशनने, या कामात हात घातला. दोघांनी मिळून असे पॉलिमर तयार केले की ज्यांची पाण्याला धार्जिणी बाजू बाहेर राहते आणि पाणी टाळणारी बाजू आत वळते. आतल्या पोकळीत पॅक्लिटॅक्सेल बसवायचं. बाहेरून कण पाण्यात सुखाने तरंगतो, आतलं औषध झाकलेलं राहतं. क्रेमोफोरची गरज संपली. २००१ च्या अमेरिकी पेटंटावर विद्यापीठातले मैत्रा आणि डाबरच्या मालक घराण्यातले बर्मन ही नावं एकाच यादीत दिसतात. २००६-०७ मध्ये डाबर फार्माने हे औषध नॅनोक्सेल या नावाने बाजारात आणलं. अमेरिकेत ॲब्रॅक्सेन या नावाचं, प्रथिनात गुंडाळलेलं नॅनो पॅक्लिटॅक्सेल २००५ च्या जानेवारीत मंजूर झालं होतं. म्हणजे दिल्ली त्या शर्यतीत दोनेक वर्षांच्याच अंतरावर होती. पुढे पुण्यातल्या कर्करोगतज्ज्ञांनी नॅनोक्सेलचा उपचार आणि खर्च अशा दोन्ही अंगांनी अभ्यास करून २०१३ मध्ये तो एका नामांकित आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्धही केला.

औषध बाजारात येऊन फार काळ लोटला नव्हता, तोच २००८ मध्ये जर्मनीच्या फ्रेझेनियस काबी या कंपनीने डाबर फार्मामधला बर्मन कुटुंबाचा सुमारे ७३ टक्के हिस्सा विकत घेतला. व्यवहार कायदेशीर होता, त्यात लपवाछपवीही काही नव्हती. धंद्यात कंपन्या विकल्या जातातच. पण केंद्रीय विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत, सरकारी पगारावर आणि सरकारी विजेवर जे ज्ञान अंकुरलं, त्याच्या पुढच्या नफ्यात त्या विद्यापीठाचा वाटा किती, याचा हिशेब अमेरिकेसारखा आपल्याकडे कोणी संसदेपुढे मांडला नाही. अमेरिकेतला हिशेब सरकारला लाजवणारा होता, हे खरं. पण तो झाला तरी.

आता जरा आकाराबद्दल. हिवाळ्यात दिल्लीकर सकाळी उठून हवेतल्या पीएम २.५ चा आकडा बघतात. हे २.५ म्हणजे अडीच मायक्रोमीटर, अर्थात २,५०० नॅनोमीटर. माणसाचा केस साधारण ८०,००० नॅनोमीटर जाड असतो आणि करोनाचा विषाणू १०० च्या आसपास. नॅनोतंत्रज्ञानाचा कारभार चालतो तो साधारण १ ते १०० नॅनोमीटरच्या टापूत. पदार्थ इतका बारीक झाला की त्याचे गुणधर्म बदलतात. त्याचा पृष्ठभाग वस्तुमानाच्या मानाने प्रचंड वाढतो, रंग पालटतो, रासायनिक वागणूक पालटते. सोन्याचे नॅनोकण पिवळे नसतात, लालसर दिसतात. घरी गरोदरपण तपासायच्या पट्टीवर उमटणारी गुलाबी रेघ बहुतेकदा याच सोन्याची असते. करोनाच्या काळात घरोघरी पोहोचलेल्या तपासणी किटमधली रेघही बऱ्याचदा त्याच जातीची.

हे इतकं बारीक काम मनगटाच्या कसबावर होत नाही. कण बनला का, किती मोठा बनला, त्याला कंगोरे कसे आहेत, हे पाहायला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतात. त्यांच्या किमती कोटींच्या घरात. धूळविरहित खोल्या लागतात, त्यांची वातानुकूलन यंत्रणा रात्रंदिवस चालू ठेवावी लागते. कुठलाही खासगी उद्योग, विशेषतः भारतातला, दहा वर्षांनी काही मिळेल या आशेवर एवढा खर्च करत नाही. म्हणून जगभर या क्षेत्रात पहिली गुंतवणूक सरकारनेच केली. अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी २००० च्या जानेवारीत राष्ट्रीय नॅनोतंत्रज्ञान उपक्रमाची घोषणा केली. २००१ या एका आर्थिक वर्षात त्यावर ४६ कोटी डॉलरहून अधिक रक्कम खर्ची पडली. भारताने त्याच वर्षी, २००१ मध्ये, विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागामार्फत आपला उपक्रम सुरू केला. त्याची तरतूद पाच वर्षांसाठी सुमारे ६० कोटी रुपये होती. दोन आकडे शेजारी ठेवले की आपल्या शास्त्रज्ञांनी कशावर काय उभं केलं याची कल्पना येते.

नवी दिल्लीत न्यू मेहरौली रोडवर या विभागाचं टेक्नॉलॉजी भवन आहे. देशातल्या नॅनो संशोधनाची तिजोरी इथली. मे २००७ मध्ये इथूनच ‘नॅनो मिशन’ जाहीर झालं आणि पाच वर्षांसाठी १,००० कोटी रुपये मंजूर झाले. प्रा. सी. एन. आर. राव हे त्याच्या परिषदेचे अध्यक्ष होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दुसऱ्या टप्प्यासाठी ६५० कोटी रुपयांना मान्यता दिली. त्या वेळी सरकारने पहिल्या टप्प्याची जमा सांगितली ती अशी: सुमारे ५,००० शोधनिबंध, सुमारे ९०० पीएच.डी., आणि काही उपयोगी उत्पादनं. त्यात डोळ्यांचे थेंब, पिण्याच्या पाण्यातली कीटकनाशकं काढण्याचं तंत्र, आर्सेनिक आणि फ्लोराइड गाळणारे फिल्टर, चांदीच्या नॅनोकणांचा थर दिलेलं कापड अशा वस्तू होत्या. शोधनिबंधांच्या संख्येत भारत चीन आणि अमेरिकेच्या पाठोपाठ तिसऱ्या क्रमांकावर पोहोचला होता.

या यादीकडे दोन नजरांनी पाहता येतं. टीकाकार म्हणतात, हजार कोटींत पाच हजार निबंध झाले, वस्तू मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. दुसरी बाजू म्हणते की मूलभूत विज्ञानाचं पीक एका हंगामात येत नसतं. या दोघांच्या वादात एक गोष्ट सहसा निसटते. या पैशातून झालेली सर्वांत टिकाऊ गोष्ट निबंधही नाही आणि वस्तूही नाही. ती आहे सामायिक यंत्रसामग्री आणि ती चालवणारी माणसं.

केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने २००६ मध्ये मुंबई आयआयटी आणि बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत नॅनोइलेक्ट्रॉनिक्सची केंद्रं उभी केली. २००८ पासून तिथे एक सोय झाली. देशातल्या कुठल्याही महाविद्यालयातल्या शिक्षकाने प्रस्ताव पाठवावा, तो मंजूर झाला तर तिथे जाऊन ही महागडी यंत्रं वापरावीत. आता या योजनेत सहा संस्था आहेत आणि हौजखासची दिल्ली आयआयटी त्यांतली एक. दिल्लीच्या ‘एम्स’मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची अशीच सामायिक सुविधा आहे. नांदेडच्या किंवा जळगावच्या प्राध्यापकाला स्वतःच्या महाविद्यालयात असं यंत्र कधीच मिळणार नाही, पण त्याचा नमुना दिल्लीत तपासला जाऊ शकतो. जानेवारी २०२० पासून ‘आय-स्टेम’ या पोर्टलवर देशभरातली अशी यंत्रं शोधून वेळ मागता येतो. वर्तमानपत्रात याची बातमी होत नाही. पण गावाकडच्या मुलीने एम.एस्सी.च्या प्रकल्पात नॅनोकण बनवले आणि त्याचा फोटो तिच्या प्रबंधात आला, तर तो बहुधा अशाच एखाद्या सार्वजनिक यंत्रावर काढलेला असतो.

याच जाळ्यातून एक जोडी जुळली ती पवई आणि नोएडाची. मुंबई आयआयटीत प्रा. रामगोपाल राव यांच्या प्रयोगशाळेत अतिसूक्ष्म पट्ट्यांवर काम चालू होतं. स्फोटकाचे मोजके रेणू जरी चिकटले तरी या पट्ट्या वाकतात किंवा त्यांचं कंपन बदलतं. त्यातून नॅनोस्निफ नावाची कंपनी निघाली. नऊएक वर्षांच्या खटपटीनंतर स्फोटक हुंगणारं यंत्र तयार झालं. ते बाजारात नेण्याची जबाबदारी घेतली व्हेहंट टेक्नॉलॉजीज या नोएडाच्या कंपनीने, जी स्वतः दिल्ली आयआयटीच्या अंगणात वाढलेली. एप्रिल २०२१ मध्ये शिक्षणमंत्र्यांच्या हस्ते ‘नॅनोस्निफर’चं अनावरण झालं. विमानतळांवर लागणारी अशी यंत्रं आपण वर्षानुवर्षं बाहेरून आणत आलो. दहा सेकंदांच्या आत निकाल देणारं यंत्र देशात बनलं, त्याच्या मुळाशी दोन सरकारी संस्था होत्या. मधल्या काळात रामगोपाल राव दिल्ली आयआयटीचे संचालक झाले, हाही एक योगायोग.

दिल्ली आयआयटीच्या वस्त्रतंत्र विभागाची गोष्ट थोडी घरगुती वाटेल. उच्च दाबाच्या विजेने पॉलिमरच्या द्रावणाची धार ओढली की केसाच्या शेकडो पट बारीक धागे मिळतात. या धाग्यांच्या जाळीतून हवा बऱ्यापैकी सहज जाते आणि धूळ अडकते. या तत्त्वावर इथल्या तरुणांनी नाकपुड्यांवर चिकटवायचे ‘नासोफिल्टर्स’ बनवले. किंमत ठेवली दहा रुपये. २०१७ मध्ये त्यांना राष्ट्रीय स्टार्टअप पुरस्कार मिळाला. मग करोना आला, आणि याच संस्थेत प्रा. मंगला जोशी आणि त्यांच्या विद्यार्थिनी अनसूया रॉय यांच्या नॅनोसेफ सोल्युशन्स या कंपनीने पन्नास वेळा धुता येणारा, जंतुरोधक थर दिलेला मास्क मे २०२० मध्ये विक्रीला आणला. टाळेबंदीच्या दुसऱ्या महिन्यात हे जमलं, कारण धाग्यावर धातूचे नॅनोकण कसे बसवायचे याचं ज्ञान आधीच्या वीस वर्षांत जमा झालेलं होतं. साथ आल्यावर प्रयोगशाळा बांधायला घेतली असती, तर मास्क साथ संपल्यावर आला असता.

पुण्याच्या हिंजवडीतल्या जेनोव्हाची एमआरएनए लस काहीशी त्या वाटेने गेली. एमआरएनएचा नाजूक रेणू पेशीपर्यंत पोहोचवायला स्निग्ध पदार्थांचा नॅनोकण लागतो. दिल्लीच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या मदतीने ही लस तयार झाली, साध्या फ्रीजच्या तापमानात टिकेल अशी. पण आपत्कालीन मंजुरी मिळाली जून २०२२ मध्ये, तोवर बहुतेक लोकांचे दोन्ही डोस घेऊन झाले होते. लस उशिरा आली, मात्र तंत्र देशात आलं. पुढच्या साथीला त्याचा उपयोग व्हावा.

आतापर्यंतची उदाहरणं वाचून सरकारी पैशाची बाजू भक्कम वाटेल. पण त्या पैशाचा एक कोपरा रिकामाच राहिला आहे, तो तपासणीचा.

नॅनो युरियाचं उदाहरण घेऊ. इफ्को ही सहकारी संस्था, तिचं मुख्यालय दिल्लीतल्या साकेतमध्ये. गुजरातमधल्या कलोल इथल्या आपल्या केंद्रात तिने नॅनो युरिया विकसित केला. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्राने खत नियंत्रण आदेशात त्याचा समावेश केला आणि मे २०२२ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते कलोलच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. प्रचार असा की अर्ध्या लिटरची एक बाटली म्हणजे युरियाची एक गोणी. हे तंत्र नोएडाच्या नॅशनल फर्टिलायझर्सला आणि ट्रॉम्ब्याच्या आरसीएफलाही देण्यात आलं. दोन्ही सरकारी कंपन्या.

आता कोणीही शाळकरी मुलगा करेल असा हिशेब. ४५ किलोच्या गोणीत ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे २० किलो ७०० ग्रॅम. बाटलीत चार टक्के, म्हणजे २० ग्रॅम. हजारपट फरक. इफ्कोचं म्हणणं असं की पानांवर फवारलेले सूक्ष्म कण थेट आत शिरतात, म्हणून नायट्रोजन वाया जात नाही. देशभरात ११,००० शेतांवर आणि ९४ पिकांवर चाचण्या झाल्या आणि उत्पादन सरासरी ८ टक्के वाढलं, असाही तिचा दावा आहे. यावर कोपनहेगन विद्यापीठातल्या दोन शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये वनस्पती आणि मातीच्या विज्ञानाला वाहिलेल्या नियतकालिकात या दाव्यांचा शास्त्रीय पायाच तपासून कडक प्रश्न विचारले. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षं शेतात प्रयोग केले. नेहमीच्या शिफारशीपेक्षा कमी युरिया आणि त्याला नॅनो युरियाची जोड दिल्यावर भाताचं उत्पादन सुमारे १३ टक्क्यांनी आणि गव्हाचं २१.६ टक्क्यांनी घटलं, असं तिथल्या शास्त्रज्ञांना आढळलं. पुढे नायट्रोजनचं प्रमाण चार टक्क्यांवरून वीसवर नेलेला ‘नॅनो युरिया प्लस’ बाजारात आला. पहिलं खत दाव्याइतकं पुरेसं असतं, तर पाचपट नायट्रोजनाची गरज का पडली, हा प्रश्न उरतोच.

दरम्यान कृषी सेवा केंद्रांत ‘लिंकिंग’ सुरू झालं. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. युरियाची गोणी हवी तर नॅनोची बाटलीही घ्या. तक्रारी इतक्या वाढल्या की जुलै २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून ही सक्ती थांबवायला सांगितलं. ज्या वस्तूवर शास्त्रज्ञांचं एकमत नाही ती शेतकऱ्याच्या गळ्यात बांधायची, आणि मग पत्र लिहायचं. हा क्रमच उलटा आहे. स्वतंत्र, दीर्घ मुदतीच्या चाचण्या सरकारी खर्चाने आधी व्हायला हव्या होत्या. त्यासाठी लागणारी पुसाची कृषी संशोधन संस्था, राज्याराज्यांतली कृषी विद्यापीठं, सारं काही आपल्याकडे आहे.

औषधांतही तीच कथा. नॅनोक्सेल बाजारात आलं तेव्हा नॅनो औषधं कशी तपासायची याची भारतीय मार्गदर्शक तत्त्वंच नव्हती. ती जैवतंत्रज्ञान विभागाने प्रसिद्ध केली २०१९ मध्ये, म्हणजे बारा-तेरा वर्षांनी. शेतीतल्या आणि खाद्यपदार्थांतल्या नॅनो उत्पादनांची तत्त्वं त्याच्याही नंतर, २०२० मध्ये. नॅनोचांदीच्या मोज्यांचं काय होतं ते अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ मध्येच मोजून दाखवलं होतं. काही मोज्यांतली चांदी धुण्याच्या पाण्याबरोबर निघून जाते. आपल्याकडे असे कपडे, मास्क, फिल्टर विकले जातात. त्यांतून निघालेलं पाणी यमुनेत किंवा मुळा-मुठेत जातं. ते मोजणारा कोण?

मोजणं म्हटलं की दिल्लीतल्याच राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची आठवण होते. १९४७ च्या जानेवारीत, स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, जवाहरलाल नेहरूंनी तिची कोनशिला बसवली. देशातल्या किलोग्रॅम आणि मीटर या प्रमाणांची राखण ही संस्था करते. नॅनोमीटरसुद्धा अखेर त्याच मीटरचा अब्जांश भाग. कण ५० नॅनोमीटरचा आहे असं बाटलीवर छापलं असेल, तर ते खरं की खोटं ठरवण्याची क्षमता अशाच ठिकाणी तयार होते. हे काम कंटाळवाणं असतं. त्यावर पुरस्कार मिळत नाहीत, उद्घाटनाला मंत्री येत नाहीत, आणि म्हणूनच त्याला पैसा कमी पडतो.

पैशाचा प्रश्न आला की एक मोठा आकडा सांगावाच लागतो. भारत संशोधनावर आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. दक्षिण कोरिया जवळपास पाच टक्के. त्यातही आपल्याकडे बहुतांश खर्च सरकारी, खासगी उद्योगांचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास. प्रगत देशांत हे प्रमाण उलटं असतं.

आणि जे मिळतं त्यावरही कर बसला. जुलै २०२२ मध्ये संशोधन संस्थांच्या उपकरणांवरचा जीएसटी पाचवरून अठरा टक्क्यांवर गेला. २०२४ मध्ये तर दिल्ली आयआयटीला संशोधनासाठी मिळालेल्या अनुदानांवर १२० कोटी रुपयांच्या कराची नोटीस आली. एका खात्याने अनुदान द्यायचं आणि दुसऱ्या खात्याने त्यावर कर मागायचा, हा प्रकार शिक्षण मंत्रालयालाही पटला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये जीएसटी परिषदेने अशी अनुदानं करमुक्त केली. उपकरणांवरचा बोजा मात्र तेव्हा सहज विसरला गेला.

२०२५ मध्ये चित्र थोडं बदललं. १ जुलैला केंद्रीय मंत्रिमंडळाने एक लाख कोटी रुपयांच्या संशोधन, विकास आणि नवोपक्रम योजनेला मंजुरी दिली आणि ३ नोव्हेंबरला दिल्लीच्या भारत मंडपममध्ये पंतप्रधानांनी तिचा प्रारंभ केला. खासगी उद्योगांना कमी किंवा शून्य व्याजाची दीर्घ मुदतीची कर्जं द्यायची, भांडवलात भाग घ्यायचा, अशी तिची रचना आहे. प्रयोगशाळेतली कल्पना आणि कारखाना यांच्यामधली दरी बुजवायची हा हेतू. मैत्रांची प्रयोगशाळा आणि साहिबाबाद यांच्यात जे योगायोगाने जमलं, ते आता योजनेने व्हावं. हेतू चांगला आहे, पण करारात फळाच्या वाटणीचं काय लिहिणार, हे जनतेला कळायला हवं. यापूर्वी सार्वजनिक पैशातून निघालेल्या बौद्धिक संपदेचं विधेयक डिसेंबर २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं होतं. त्यावर वाद झाले, ते रखडलं आणि २०१४ मध्ये मागे घेण्यात आलं. तेव्हापासून हा विषय प्रत्येक संस्थेने आपापल्या परीने सोडवायचा, असंच चाललं आहे.

म्हणून या एक लाख कोटींचं वाटप करणाऱ्यांकडे दोन गोष्टी मागायला हव्यात. सरकारी प्रयोगशाळेतून निघालेल्या ज्ञानावर जी कंपनी सार्वजनिक कर्ज किंवा भांडवल घेईल, तिने स्वामित्वशुल्क किती द्यायचं आणि ती विकली गेली तर मूळ संस्थेला काय मिळायचं, हे करारात लिहावं आणि तो करार प्रसिद्ध करावा. आणि या रकमेतला एक ठरावीक हिस्सा कंपन्यांना न देता पुसा, राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आणि कृषी विद्यापीठांसारख्या ठिकाणी स्वतंत्र चाचण्यांसाठी राखून ठेवावा. त्या चाचण्यांचे निकाल मराठीसह सर्व भारतीय भाषांत, दुकानात बाटली येण्याच्या आधी, शेतकऱ्याच्या हाती पडावेत. आपल्या भागातल्या खासदाराला प्रश्न विचारायची संधी मिळाली, तर वाचकांनी हे दोन प्रश्न जरूर विचारावेत.